रस्ता उंच, उंबरठा खाली

मी ज्या नगरात राहतो ते नदीकाठचे एक जुने, मध्यम वस्तीचे गाव आहे, आणि त्याचे नाव येथे सांगण्याचे काही प्रयोजन नाही. कारण जी कैफियत मी मांडणार आहे ती एकट्या आमच्या गावाची नसून महाराष्ट्रातील बहुतेक नगरांची सामाईक मिळकत होऊन बसली आहे. आमचे घर आजोबांनी बांधले त्या वेळी रस्त्यावरून ओटीवर येण्यास काळ्या घडीव दगडाच्या तीन पायऱ्या चढाव्या लागत. दूधवाला आपली किटली खालच्या पायरीवर टेकवी, भाजीवाली मधल्या पायरीवर पाटी उतरवून पदराने घाम पुशी, आणि वरची पायरी घराच्या हद्दीत मोडत असल्यामुळे चपला तेथे काढाव्यात असा अलिखित दंडक होता. पुढे गल्लीत प्रथम खडीकरण झाले, मग डांबर आले, त्या डांबरावर दर तीन-चार वर्षांनी, आणि निवडणुकीच्या वर्षी हमखास, नवे डांबर पडत गेले, आणि अखेरीस या सर्व थरांच्या माथ्यावर सिमेंट-काँक्रीटचा वीतभर जाडीचा थर पसरला. तेव्हा खालची पायरी केव्हा गेली आणि मधली केव्हा गेली, हे घरातल्या कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. आज वरची पायरी चार बोटे शिल्लक आहे, आणि भाजीवालीची पाटी थेट ओटीवर येते.

समोरच्या काकूंचा उंबरठा आमच्याहून दुर्दैवी. त्यांच्या घराला मुळातच एक पायरी होती, त्यामुळे आता घरात शिरण्यासाठी चढण्याऐवजी उतरावे लागते. दाराच्या चौकटीत त्यांनी विटांचा गुडघाभर आडवा कट्टा घालून घेतला आहे. बारा महिने, पंचाहत्तरी उलटलेल्या वयात, एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने चौकट धरून त्या तो कट्टा ओलांडतात, आणि मृग लागला की त्याच्यावर गोणपाट व चिकणमाती यांची आणखी एक रास चढते. दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या पुढील सुधारणेसाठी एक तरुण ओव्हरसियर फीत घेऊन आला, त्याने लांबी टिपली, रुंदी टिपली, थराची जाडी किती धरायची ते वहीत लिहिले, आणि तो निघणार एवढ्यात काकूंनी विचारले, “आणि पाणी कुठं जाणार रे बाबा?” तो अंमळ गोंधळला. मी मध्ये पडून म्हटले, “अहो, रस्त्याची पातळी किती राहणार असे त्या विचारताहेत.” तेव्हा तो म्हणाला, “काका, अंदाजपत्रकात जाडी असते. पातळी वेगळी धरत नाहीत.” हे त्याने उद्धटपणे सांगितले नाही, उलट फार प्रामाणिकपणे सांगितले, आणि आजच्या नागरी कारभाराचे जे काही मर्म मला उमगले आहे ते त्या एका वाक्यात आहे.

नगरांच्या अंदाजपत्रकांत पूरनियंत्रण आणि रस्तेसुधारणा ही दोन निरनिराळी शीर्षे असतात, त्यांची खाती निराळी, अभियंते निराळे, ठेकेदार बहुधा निराळे, आणि त्यांच्या फायलींची गाठ पडलीच तर ती एखादी दुर्घटना घडून गेल्यावर चौकशीच्या टेबलावर पडते. कायद्याने मात्र असा दुजाभाव केलेला नाही. महानगरपालिकांच्या १९४९च्या अधिनियमाचे ६३वे कलम उघडून पाहावे, किंवा नगरपरिषदांच्या १९६५च्या अधिनियमातील बंधनकारक कर्तव्यांची यादी पाहावी. गटारे बांधणे व ती साफ राखणे आणि सार्वजनिक रस्ते बांधणे व ते सुधारणे ही दोन्ही कामे तेथे एकाच पंगतीला बसलेली आढळतील. ती तशी बसवणाऱ्याला एवढे व्यवहारज्ञान होते की गावात पडणारा पाऊस गटारात जाण्यापूर्वी रस्त्यावरून जातो. आमचे सांगणे इतकेच आहे की रस्ता हा गावातील सर्वांत मोठा नाला आहे, आणि त्याची पातळी ठरवणे हे पूरनियंत्रणाचे पहिले काम आहे. त्यानंतर मग भिंती, पंप आणि नालेसफाई.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर शाळेतल्या अंकगणिताने पडताळून पाहावी. पाचशे मीटर लांब आणि बारा मीटर रुंद अशी एक साधी गल्ली घेतली तर तिचे क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर भरते. तिच्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि असा पाऊस आता आपल्याकडे नवलाचा राहिलेला नाही, तर ३०० घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे तीस टँकर एका गल्लीत तासाभरात रिते करावेत तितके. त्यात दुतर्फा घरांच्या गच्च्यांचे आणि फरशीबंद अंगणांचे पाणी धरलेले नाही. मातीच्या रस्त्याने यातले काही पिऊन टाकले असते, काँक्रीट जवळजवळ काहीच पीत नाही. आता हीच गल्ली पंधरा सेंटिमीटरने, म्हणजे वितीहून कमीच, वर चढली असे समजा: ९०० घनमीटर जागा भरून गेली. पूर्वी रस्ता दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या मध्ये एखाद्या उथळ पाटासारखा होता, पाणी त्याच्यात घटकाभर थांबून, ढाळ धरून, नदीकडे चालते होत असे. जेथे बाहेर पडण्याची वाट अपुरी आहे तेथे ते आता थांबायला कोठे जाणार? काकूंच्या स्वयंपाकघरात.

ढाळ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तो अभियांत्रिकीच्या ग्रंथातला नसून गवंड्याच्या तोंडचा आहे. न्हाणीघराची फरशी बसवणारा कोणताही गवंडी, अंगठेबहाद्दर असला तरी, मोरीच्या तोंडाकडे ढाळ किती द्यायचा हे ठरवल्यावाचून पहिली फरशी ठेवीत नाही, आणि काम पुरे झाल्यावर तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओतून ते कोठे थबकते काय हे उकिडवे बसून पाहतो. थबकलेच तर मालकाने सांगण्याआधी तो फरशी उखडतो. ज्या कामावर लाखो रुपये खर्ची पडतात त्या कामात हा तांब्याभर पाण्याचा दाखला मात्र कोणी मागत नाही.

येथे पुराचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत, कारण त्यांची सरमिसळ केल्यामुळे अनेकदा उपाय चुकतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, सांगली-कोल्हापुरास, २००५, २०१९ आणि २०२१ साली जो आला तो नदीचा पूर. त्याची कारणे धरणे, विसर्ग, पात्रातील अडथळे आणि खोऱ्यावर कोसळलेला पाऊस यांत शोधावी लागतात, आणि तेथे एखाद्या गल्लीची उंची गौण ठरते. दुसरा प्रकार रस्त्याच्या पुराचा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यापुढे कोणतीच गटारे पुरली नसती हे खरे. परंतु तेथील जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत, त्या दुप्पट क्षमतेच्या केल्या पाहिजेत, हे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्यजल-निचऱ्याच्या योजनेचा अहवाल १९९३ सालापासून दप्तरात पडून होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे. नदीचा पूर दोन दिवस आधी वर्दी देतो. रस्त्याचा पूर संध्याकाळच्या चहाच्या वेळेस नसतो आणि दिवेलागणीस घरात असतो.

पुण्याचा इतिहास या बाबतीत विशेष उद्बोधक आहे, आणि तो मराठी वाचकांस ठाऊक असूनही या दृष्टीने क्वचितच वाचला जातो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या खोऱ्यात ओढ्यावर बांध घालून तलाव केले आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत, आठ-दहा किलोमीटरच्या अंतरावर, जमिनीखालून चुन्या-दगडाचा नळ आणून शहरातील हौद भरले. त्या नळाला पंप नव्हता, विजेचा तर प्रश्नच नव्हता. पाणी केवळ उतारावर चालत आले, म्हणजे कोणीतरी त्या साऱ्या मार्गाची पातळी हातोहात, बोटाबोटाने मोजली असली पाहिजे, आणि जागोजागी उच्छ्वास बांधून वाहत्या पाण्यावर लक्ष ठेवण्याची तजवीज केली असली पाहिजे. वाटेत कोठे वीतभर चूक झाली असती तर हौद कोरडे राहिले असते. ज्या शहराच्या कारभाऱ्यांनी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी पातळीचा एवढा काटेकोर हिशेब ठेवला त्या शहरात, आणि त्याच्या अनुकरणाने वाढलेल्या आमच्यासारख्या गावांत, आज रस्त्याची पातळी कोणाच्याच दप्तरी नसावी ही मोठी विस्मयाची गोष्ट आहे.

त्याच काळातील दुसरी गोष्ट आंबील ओढ्याची. हा ओढा एके काळी आजच्या मध्यवस्तीतून वाहत होता. पेशव्यांनी तो पर्वतीच्या बाजूला वळवला, तेथे तलाव केला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पेठांचा विस्तार झाला. निसर्गाच्या कामात हा हस्तक्षेपच होता, आणि आजचा एखादा पर्यावरणवादी त्यावर खटला भरील. परंतु एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांनी ओढ्याची जुनी वाट घेतली त्यांनी त्याला दुसरी वाट दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपण जे केले त्यात घेणे तेवढे आहे, देणे नाही. ओढ्याच्या एका काठावर सीमाभिंत चढली, दुसऱ्या काठावर झोपडी टेकली, मध्ये पुलाची मोरी अरुंद झाली, कोठे पात्रावर स्लॅब टाकून त्याच्यावर वाहनतळ केला, आणि हे सारे करताना प्रत्येकाने स्वतःच्या कागदांवर कोणाची ना कोणाची मंजुरी दाखवली. ओढ्याकडे मात्र कसलाच कागद नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याची दगडी भिंत गेली, आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, ही आठवण पुणेकरांच्या पिढ्यांनी जतन केली आहे. त्या आघातातून शहर सावरले, स. गो. बर्वे यांच्यासारखा कर्तबगार प्रशासक त्या कामी लाभला, पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. परंतु त्या दिवसाने पुण्याला एक सवयही लावली: पूर म्हटला की धरणाकडे पाहायचे. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले हे आजही तेथे पानवाला सांगू शकतो, आणि हे ज्ञान व्यर्थ नाही. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पहाटे माणसांना बोटींनी काढावे लागले. मात्र २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आली ती धरणाच्या वाटेने आली नाही. कात्रजच्या डोंगराकडे दोन-तीन तास पाऊस कोसळला, आंबील ओढा टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर या वस्त्यांतून भिंती ढासळवीत गेला, आणि शहर व परिसर मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. धरणाकडे डोळे लावून बसलेल्या शहराच्या पाठीमागून पाणी आले. त्यानंतर ओढा सरळ करण्याची योजना निघाली, तीपायी २०२१च्या जूनमध्ये ऐन पावसाळ्याच्या तोंडावर दांडेकर पुलाजवळची घरे पाडली गेली आणि त्यावर मोठा गहजब झाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर, पाण्याचा वेग वाढवणाऱ्या बांधकामांचे काय करायचे, हा प्रश्न त्या गहजबात बुडाला.

आणि नदीत रस्ता. मुठेच्या पात्रातून जाणारा रस्ता वाहतुकीच्या सोयीचा आहे हे मी नाकारीत नाही. मी स्वतः पुण्यास गेलो की रिक्षावाला मला तिकडूनच नेतो, आणि भिडे पूल पाण्याखाली असला म्हणजे “आज वळसा पडेल” असे सहजपणे सांगतो. परंतु विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे पात्रातून भराव घालून रस्ता नेण्याचे काम झाले तेव्हा प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०१३ साली निळ्या पूररेषेच्या आतील तो भाग काढून टाकण्याचा हुकूम झाला. पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांत एकदा येणारा जेथवर पोहोचतो ती लाल. या दोन्ही रेषा सरकारनेच आखलेल्या आहेत, सरकारच्याच नकाशावर आहेत. असे असता एका खात्याने आखलेल्या रेषेच्या आत दुसऱ्या यंत्रणेने जनतेच्या पैशाने भराव घालावा, आणि तो जनतेच्याच पैशाने उपसून काढावा लागावा, यात भ्रष्टाचार शोधण्याची मला गरजही वाटत नाही. जेथे रस्त्याच्या नकाशावर पाणी काढलेले नसते आणि पाण्याच्या नकाशावर रस्ता काढलेला नसतो, तेथे सज्जन माणसांच्या हातूनही हेच होणार.

रस्ते वर का चढतात याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. ठेकेदाराचे देयक निघते ते मोजमाप पुस्तकावरून, आणि मोजमाप पुस्तकात मोजले जाते ते घातलेले साहित्य: इतके घनमीटर काँक्रीट, इतके टन डांबरी मिश्रण. जुना थर खरवडून काढण्याची यंत्रे आहेत, ती मोठ्या शहरांत फिरतानाही दिसतात. परंतु खरवडण्याचे काम वेळखाऊ, निघालेला माल वाहून नेण्याचा खर्च निराळा, आणि त्यातून फोटो काढण्याजोगे असे काही निष्पन्न होत नाही. नव्या काळ्याभोर थरापुढे नारळ फोडता येतो, खरवडलेल्या थरापुढे कोणी फोडल्याचे ऐकिवात नाही. त्यातच ३१ मार्च ही तारीख. पुण्यात नगरसेवकांच्या प्रभागातील कामांच्या तरतुदीस ‘स’ यादी म्हणतात, आणि मोठ्या प्रकल्पाचे अखर्चित पैसे छोट्या कामांकडे वळवण्यास वर्गीकरण म्हणतात. हे दोन शब्द ज्याला समजले त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगल्या गल्ल्या का उखडतात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. महिन्या-दीड महिन्यात पैसा खपवायचा तर सर्वांत सोपे काम म्हणजे आहे त्या रस्त्यावर काँक्रीट ओतणे. नगरसेवकांनाच यासाठी दोष द्यावा असे कोणी म्हणेल, तर मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षे तेथील कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि त्या काळात रस्त्यांची उंची घटल्याचे कोणी सांगितलेले नाही.

याच पुण्यात जंगली महाराज रस्त्याची दंतकथा सांगितली जाते: रेकॉन्डो नावाच्या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर १९७६ साली तो पुरा केला, आणि हमीची मुदत उलटून गेल्यावरही कित्येक दशके त्याच्यावर खड्डा शोधावा लागे. ही कथा सांगताना लोक डांबराच्या दर्जाची, ठेकेदाराच्या सचोटीची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. परंतु डांबराचा खरा वैरी वाहनांचा भार नसून खडीत मुरून राहिलेले पाणी आहे, ते खडीवरून डांबर सोलून काढते, हे रस्त्याचे काम जाणणारा कोणीही सांगेल. ज्या रस्त्यावरून पाणी झपाट्याने उतरते तो टिकतो. ज्याच्यावर ते साचते त्याच्यावर दरवर्षी पैसे ओतावे लागतात, पैसे ओतले की तो उंच होतो, उंच-सखल झाला की आणखी साचते. हे रहाटगाडगे फिरत ठेवण्यात कोणाचे हित आहे हे वाचकांनी आपापल्या गावापुरते ठरवावे.

आता आपल्या घराकडे पाहू, कारण नुसत्या सरकारवर कोरडे ओढण्यात पुरुषार्थ नाही. आमच्या गल्लीला दोन्ही अंगांनी उघडी गटारे होती. लोकांनी स्कूटर घरात घेता यावी म्हणून त्यांवर शहाबादी फरशा टाकल्या, पुढे मोटारी आल्या तेव्हा फरशांवर सिमेंटचे उतार बांधले, आणि ज्याच्या दारापुढे गटार तुंबले त्याने ते उतारामुळे उपसता येत नाही म्हणून नगरपरिषदेकडे तक्रार केली. या मंडळीत मी होतो. आमच्या दारापुढील उतार मीच बांधून घेतला, आणि त्याखालून फूटभर व्यासाचा नळ टाकावा असे गवंड्याने सुचवले असता सहा इंची पुरे म्हणून त्याला गप्प केले. नवे घर बांधणारा तर याहून पुढे जातो. रस्ता अजून चढणार हे त्याने गृहीत धरलेले असते, म्हणून तो प्लॉटमध्ये मुरूम भरून जोते रस्त्याच्या वर दोन हात नेतो, आणि त्याच्या आवारातील पाणी शेजारच्या जुन्या घरात उतरते. रस्त्याने जोत्यावर मात करायची, जोत्याने रस्त्यावर. चढाओढ या शब्दाचा इतका तंतोतंत अर्थ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. या स्पर्धेत हरतो तो, ज्याच्याजवळ घर उंचावण्यास पैसा नाही.

म्हणून मागणी करायची ती मोठ्या योजनांची नव्हे. नदीकाठ सुशोभित करणाऱ्या चित्रांची मला ॲलर्जी आहे असे नाही, परंतु त्या चित्रांत ऊन नेहमी लख्ख पडलेले असते. माझी मागणी एका आकड्याची आहे. प्रत्येक रस्त्याच्या प्रत्येक चौकात, आणि मधूनमधून जुन्या घरांच्या जोत्यांवर, समुद्रसपाटीच्या हिशेबाने पातळी नोंदवावी. भारतीय सर्वेक्षण खात्याने दगडात कोरलेल्या पातळीखुणा देशभर आहेत, त्यांच्याशी ती जुळवून घ्यावी, आणि तिचा तक्ता कचेरीच्या फळ्यावर कोणालाही वाचता येईल असा लावावा. रस्त्याच्या कोणत्याही कामाच्या निविदेत जाडीच्या जोडीला पूर्ण झालेल्या पृष्ठभागाची पातळी लिहावी, ती पूर्वीपेक्षा वर जाता कामा नये, जायचीच असेल तर का, आणि खालच्या घरांचे काय, हे लेखी कारण फायलीत असावे. आणि काम पुरे झाल्यावर पातळीचा दाखला जोडल्यावाचून देयक मंजूर होऊ नये. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे नियम पाळला जातो की नाही हे तो पैशाच्या दारात उभा आहे की बाहेरच्या ओसरीवर, यावर अवलंबून असते. गटारांच्या अभियंत्याची सही रस्त्याच्या फायलीवर असावी. ओढ्यांची मोजणी होऊन त्यांच्या दोन्ही काठांना हद्दीचे दगड रोवले जावेत आणि ती हद्द मिळकतपत्रिकेत उतरावी, म्हणजे ओढ्याकडेही दाखवण्यास एक कागद राहील. आणि नालेसफाईच्या पाहणीसाठी जो दौरा मे महिन्यात, कोरड्या नाल्यांच्या काठाने, बूट न भिजवता होतो, तो एकदा भर आषाढात संध्याकाळी सहा वाजता पायी व्हावा.

यावर एक आक्षेप हमखास येईल की खरवडणे महाग आहे, नगरपरिषदांच्या तिजोऱ्या रित्या आहेत. तिजोऱ्या रित्या आहेत हे मान्य. परंतु काकूंनी कट्ट्याच्या विटा, गवंड्याची मजुरी, दोनदा बदललेले धान्याचे कपाट, कुजलेली चौकट यांवर आजवर जो खर्च केला तोही या रस्त्याचाच खर्च आहे. फरक इतकाच की तो कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवलेला नाही, आणि त्याला लेखापरीक्षक नाही. दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे: जुनी घरे आज ना उद्या पडणारच, त्यांच्या जागी खांबांवरच्या इमारती येतील, मग जोत्याची चिंता कशाला? यास उत्तर असे की त्या इमारतींची वाहने तळघरात उभी असतात, आणि त्यांचे विजेचे मीटर बहुधा जिन्याखाली असतात.

पहिल्या भेटीनंतर तो तरुण ओव्हरसियर एकदा पुन्हा आला, या वेळी फितीबरोबर तिपाईवरचे पातळीयंत्रही घेऊन. कोणी सांगितले म्हणून की स्वतःच्या मनाने, ते मी विचारले नाही. त्याने काकूंच्या कट्ट्याशी पट्टी उभी धरली, मग आमच्या पायरीवर, मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरच्या झाकणावर, आणि वहीच्या समासात शिसपेन्सिलीने तीन आकडे लिहिले. समासात, कारण छापील रकाना त्यांच्यासाठी नव्हताच. चेंबर काकूंच्या उंबरठ्याहून एकवीस सेंटिमीटर उंच निघाले. तो गेल्यावर मी गवंड्याला बोलावून आमच्या ओटीच्या कोपऱ्याच्या दगडावर, उरलेल्या चार बोटांच्या वरच्या टोकाला, टाकीने एक आडवी खूण पाडून घेतली, आणि काकूंच्या सांगण्यावरून तशीच एक त्यांच्या चौकटीच्या दगडावर. गल्लीच्या डांबरीकरणाचे काम मंजूर झाल्याचे कळते. जाडी पन्नास मिलिमीटर धरली आहे, आणि मार्चअखेर ते उरकायचे आहे.